मागच्या दारापुढचा फ्रीज

काका,

एकवीस दिवस झाले. मी अजून तुमच्याच घरात आहे, एकटी, आणि मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आडवळणाने विचारत बसायला नको. भुताबिताची भीती नाही. तुमचं भूत झालंच तर ते साडेसहाला चहा मागेल आणि कपाखाली बशी नाही म्हणून कुरकुर करेल. त्याला काय घाबरायचं? मी घाबरते ती हॉलमधल्या खुर्चीला. स्वयंपाकघरातल्या, मागच्या दारापुढे उभ्या असलेल्या फ्रीजला. आणि एका गोष्टीला, जी मला ठाऊक होती आणि मी तुम्हाला सांगितली नाही.

शनिवारी अजयदादा बेसिंगस्टोकहून येणार आहे, किल्ल्या घ्यायला. तुमचा मुलगा असून तो माझ्याशी इतक्या अदबीने बोलतो की मला जास्तच चोरट्यासारखं होतं. "तू राहा, मेधा. घर रिकामी नको. तुला जमतो तेवढा दिवस राहा," असं तो फ्युनरलच्या दिवशी त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. त्याला माहीत नाही की त्या गुरुवारी सकाळी मी काय केलं. त्याला सांगायचं की नाही, हे मला ठरवायचंय, आणि शनिवारला दोनच दिवस उरलेत.

मी या घरात आले त्याला पावणेदोन वर्षं झाली. आईने फोनवर सांगितलं होतं, क्रॉयडनला खोली आहे, बेलसांगवीच्या दिवाणांकडे. आईचं माहेर बेलसांगवी संस्थानातलं. एकूण बावीस गावं, त्यातलं एक तिचं. दिवाण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पगडीवाला कुणीतरी आला होता. दार उघडलं ते बाही फाटलेल्या स्वेटरातल्या, काठीसारख्या ताठ म्हाताऱ्याने. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, पोहता येतं का. मी नाही म्हटलं. "मलाही बेताचंच," तुम्ही म्हणालात. "आरमारात कुणी विचारलं नाही."

दिवाणसाहेब म्हणू का, असं मी विचारलं तर म्हणालात, काका म्हण, दिवाण म्हटलं की लोक येऊन बसतात. मी हसले आणि बॅग आत घेतली.

मग ते चार्ज देण्याघेण्याचं खूळ. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा असेल. घरातून बाहेर पडणाऱ्याने मागे राहणाऱ्याला सांगायचं: गॅस बंद, दूध आत घेतलंय, वरची खिडकी उघडी, बॉयलरवाला अकराला येणार. ऐकणाऱ्याने म्हणायचं, "घर माझ्याकडे." ते म्हणेपर्यंत जाणाऱ्याने उंबरठा ओलांडायचा नाही. तुम्ही सांगितलंत, जहाजावर पहारा असाच बदलतो. आधीच्या माणसाने कितीही वेळ उभं राहावं लागलं तरी पुढच्याने 'माझ्याकडे' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी म्हटलं, काका, हे जहाज नाही, हे शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं तीन बेडरूमचं घर आहे. तुम्ही म्हणालात, बुडायला तेवढं पुरतं.

मग मलाही सवय लागली. सकाळी आठ पाचला ट्रामसाठी निघताना मी यादी म्हणायची, तुम्ही पेपरमागून "घर माझ्याकडे" म्हणायचात. संध्याकाळी तुम्ही यादी द्यायचात आणि मी कोट काढायच्या आत चार्ज घ्यायचे. यादीत कधीकधी "मांजर शेजारचं, आपलं नव्हे, तरी जेवून गेलं" असंही असायचं. ऑफिसात मी एकदा कँटीनला निघताना सवयीने यादी म्हणाले आणि समोरचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

आणि तो फ्रीज. या घराचं मागचं दार तुम्ही कधी वापरलं नाहीत. त्याच्यापुढे फ्रीज लावलेला. बागेत कपडे वाळत घालायला मी पुढच्या दाराने निघून, बाजूच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांच्या मागून जायचे, बादली घेऊन. अजयदादा प्रत्येक ख्रिसमसला त्यावरून तुमच्याशी भांडायचा. आग लागली तर, हा त्याचा मुद्दा. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "आग लागली तर पुढच्या दाराने जाईन. माणसाने पुढच्या दाराने जावं." मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. तुमच्या बाकीच्या हट्टांसारखाच, म्हणजे टीव्हीवरच्या हवामानाला उलट बोलणे वगैरे.

तुम्हाला मी घाबरट म्हणून ठाऊक होते. कागदांना घाबरणारी. वर्क परमिटचे नियम मध्येच बदलले, तेव्हा मी जिन्यावर बसून होते. हातात त्याचंच सरकारी पत्र होतं आणि वाचलेलं काही कळत नव्हतं. तुम्ही काठी टेकत आलात आणि दोन पायऱ्या खाली बसलात. घाबरतेस कशाला, सगळं नीट होईल, असं काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "भीती वाटली की यादी म्हणायची. मोठ्याने. काय चालू, काय बंद, काय राहिलंय. भीती जात नाही, पण हात मोकळे होतात." मी विचारलं, तुम्हाला वाटायची का? तुम्ही म्हणालात, आयुष्यात दोन दिवस. माझ्या लक्षात आलं की हे उत्तर फार नेमकं आहे, आणि पुढे विचारायचं राहून गेलं.

त्या दोन दिवसांची गोष्ट तुम्ही लोकांना विनोद म्हणून सांगायचात. ती मी इतक्यांदा ऐकली की मला पाठ आहे. समुद्र दीडदोनशे मैल लांब असलेल्या संस्थानाला आरमारी दिवाण. लढाई संपून तुम्ही नेव्हीतून सुटलात, एकतीस वर्षांचे, आणि राजेसाहेब नात्यातले. त्यांना वाटलं, जहाजावरचा माणूस आहे, शिस्त लावेल. देश स्वतंत्र झालेला, संस्थानं एकेक करून विलीन होत होती, आणि तुम्ही तिघांच्या मंत्रिमंडळाचे मुख्य. शेवटच्या आठवड्यात एका मंत्र्याने तारेने राजीनामा दिला, दुसऱ्याने घसा बसल्याचं कळवलं, राजेसाहेब मोटारीतून मुंबईला गेले. "म्हणजे राजसत्तेचं अखेरचं सरकार म्हणजे मी आणि एक कारकून," हे तुम्ही हात पसरून म्हणायचात आणि बायका पदराने तोंड झाकून हसायच्या. कचेरीबाहेर गर्दी. दोन दिवस. मग शेवटचं वाक्य: "आणि मी चार्ज दिला, आणि मुंबईची गाडी धरली."

तुम्ही जायच्या आधीच्या रविवारी मराठी मंडळातली दोन जोडपी चहाला आली होती. तुम्ही रंगात होतात. गर्दीची नक्कल केलीत, धोतराचा सोगा धरून ओरडणारी माणसं, अडाणी, कुणालाच माहीत नाही आपण काय मागतोय. सगळे हसले. मी नाही हसले. गुरुवारी माझी व्हिसाची अपॉइंटमेंट होती, आणि त्या गर्दीत माझे आजोबा होते. आईचे वडील. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. खोली मिळाल्यावर सांगायचं होतं, मग राहिलं, मग सांगणं अवघड झालं.

पाहुणे गेल्यावर कप विसळता विसळता मी विचारलं, चार्ज कुणाला दिलात? तुम्ही म्हणालात, ते महत्त्वाचं नाही. मी म्हटलं, रोज सकाळी मला उंबरठ्यावर उभं करता आणि हेच महत्त्वाचं नाही? तुम्ही टॉवेलने बशी पुसत होतात. ती पुसून झाली तरी पुसत राहिलात.

मग मी ते बोलले. आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट. "आमचे आजोबा त्या गर्दीत होते, काका. ते सांगायचे, आरमारी दिवाण भर दुपारी मागच्या दाराने पळाला."

तुम्ही बशी ठेवलीत. माझ्याकडे नाही, फ्रीजकडे बघितलंत. मग वर गेलात.

सोमवार, मंगळवार, बुधवार आपण यादीपुरतंच बोललो. मी "गॅस बंद, दूध आत" म्हणायचे आणि तुम्ही पेपरमागून "घर माझ्याकडे" म्हणायचात. आवाज तोच, पण पेपरचं पान उलटलेलं नसायचं. मला माफी मागायची होती. पण माफी मागायची तर पूर्ण गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगितली असती तर माझा राग उघडा पडला असता. मी मुद्दाम अर्धीच सांगितली होती, काका. दुसरी अर्धी मी ठेवून घेतली होती, शिळ्या भाकरीसारखी, नंतर कामाला येईल म्हणून.

ती अशी आहे. आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे, गावच्या शाळेत मास्तर. कचेरीपुढे गेले तेव्हा त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. तुमच्यासाठी. कारण तुम्ही दिवाण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वेठ बंद केली होती. बावीस गावांत कुणाला फुकट राबायला बोलवायचं नाही, असा हुकूम काढला होता. हे तुम्ही तुमच्या गोष्टीत कधीच सांगितलं नाहीत. लोकांना वाटत होतं, दिवाणाने बाहेर यावं, संस्थान संपलं हे स्वतःच्या तोंडाने सांगावं, आणि मग त्याला हार घालून वेशीपर्यंत पोचवावं. आजोबांना उंच म्हणून पुढे उभं केलं होतं. दोन दिवस हारावर पाणी शिंपडत उभे होते म्हणे. शेवटी आत शिरले तर फक्त कारकून. मग काय करायचं हाराचं? तो कारकुनाच्याच गळ्यात घातला, आणि तो बिचारा भीतीने रडायला लागला. आजोबा ही गोष्ट स्वतःची फजिती म्हणून सांगायचे. कुणी फार हसलं तर मात्र थांबून म्हणायचे, "पुढच्यांच्या हातात हार होता. मागच्या काहींच्या हातात दगडही होते म्हणा."

मी आईला कार्डावरून फोन करून पुन्हा विचारून घेतलं. तिलाही असंच आठवतं. हार आणि दगड, दोन्ही.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही आपणहून बोललात. मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसले होते: बँकेची स्टेटमेंट्स, कंपनीचं पत्र, फोटो, डिग्रीची अटेस्टेड कॉपी, तिच्या आणखी दोन कॉप्या. तुम्ही खुर्ची ओढलीत, जरा वेळ माझे ढीग बघितलेत आणि म्हणालात, "मेधा, त्या मागच्या दाराचं तुला सांगायचंय."

आणि मी काय म्हटलं, हे मी एकवीस दिवसांत किती वेळा ऐकलंय ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "काका, उद्या. उद्या माझं क्रॉयडन आहे." व्हिसाच्या ऑफिसला सगळे 'क्रॉयडन'च म्हणतात, मीही तेच म्हटलं, जणू आपण दुसऱ्याच कुठल्या गावात राहत होतो.

"उद्या," तुम्ही म्हणालात, आणि खुर्ची होती तशी आत सरकवलीत.

गुरुवारी सकाळी मी सगळं पुन्हापुन्हा तपासत होते. फाइल, पासपोर्ट, पुन्हा फाइल. तुम्ही स्वयंपाकघरात होतात आणि किटली उकळत होती. मी दार उघडलं, दारातूनच यादी ओरडले, गॅस तुमच्याकडे, दूध आत, वरची खिडकी बंद. उत्तर आलं नाही. ट्राम चुकेल असं वाटलं. मी थांबले नाही, काका. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा मी 'माझ्याकडे' ऐकल्याशिवाय उंबरठा ओलांडला आणि दार ओढून घेतलं.

रांगेत मी तुमची यादी म्हणत होते. ओठातल्या ओठात. पासपोर्ट आहे, पत्र आहे, फोटो आहेत, काकांशी बोलायचं राहिलंय. पुढे एक बाई तान्ह्याला घेऊन उभी होती. तिला परत पाठवलं, एक कागद कमी म्हणून. मी फाइल उघडून कागद पुन्हा मोजले. पण माझ्या काउंटरवरचा माणूस जांभई देत होता, त्याने काही विचारलंच नाही, आणि त्याच दिवशी शिक्का मिळाला. तीन वर्षं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. मग तुमची आल्याची बिस्किटं घेतली. ट्राममध्ये मी पाठ करत होते, काका, माझं चुकलं, गोष्ट पूर्ण नव्हती, ऐका, तिथे हार होता.

तुम्ही हॉलमधल्या खुर्चीवर बसला होतात, दाराकडे तोंड करून. एका पायात बूट, दुसऱ्या पायात सपात. बूट घालायची ती पितळी पट्टी हातात. मला वाटलं, तुम्ही रागावून वाट बघताय. मी "काका, मिळाला" असं म्हणालेसुद्धा.

सकाळीच गेले असावेत, डॉक्टर म्हणाला, नऊच्या आसपास, हार्ट, त्यांना काही कळलंही नसेल. सगळ्यांना हेच सांगत असतील. मला मात्र तो एक बूट दिसतो. म्हणजे तुम्ही कुठेतरी निघाला होतात. माझ्या मागे निघाला होतात. घराचा चार्ज न देता गेलेल्या मुलीच्या मागे, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, बूट घालून. त्या विचाराशी आले की मी दिवे लावत सुटते, भर दुपारीसुद्धा.

शेजारच्या मॉरीनने आठवड्याने सांगितलं. ती कचऱ्याचा डबा ओढत होती. तुम्ही सपाता घालून फाटकापर्यंत आला होतात, आठ दहा-बाराला. मी कोपऱ्यावरून वळून गेले होते. तुम्ही आपल्या भाषेत काहीतरी म्हणालात. दोनदा. आधी मोठ्याने, मग साध्या आवाजात. मग हात कपाळाशी नेलात, असा, तळवा खाली करून, म्हणून मॉरीनने तिचा हात दाखवला. मग आत गेलात.

तो आरमारी सलाम होता. तुम्ही मला शिकवला होतात, मी उलटा करायचे म्हणून हसायचात. तेव्हा मी स्वतःला सांगते की तुम्ही फाटकात येऊन "घर माझ्याकडे" म्हणालात, आणि नियम पाळलात, मी पाळला नाही तरी. दिवसा हे पटतं. पण म्हणालात तेच कशावरून? "मेधा" म्हणाला असाल. "थांब" म्हणाला असाल. आणि मग बूट कशाला घालत होतात?

तुम्हाला आठवत असेल, मी विचारलं होतं, दोन दिवस भीती वाटली म्हणजे काय वाटलं. मी विचारलंच नव्हतं, आत्ता वरती लिहिलंय तसं. पण मनात इतक्यांदा विचारलंय की विचारल्यासारखं झालंय. आता मी एकवीस दिवस या घरात बसून आहे, चार्ज घ्यायला कुणी आलेलं नाही, आणि बाहेर पोस्टमन जरी आला तरी दचकते. आता थोडं कळतं. फार नाही. तुमच्या बाहेर माणसं होती.

इथवर गुरुवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे.

काल अजयदादा आला. मी चहा केला, बशीसकट. तो तुमच्या खुर्चीत बसला नाही, जिन्यावर बसला, मी त्या पत्राच्या दिवशी बसले होते तिथेच. मी ठरवलं होतं की किल्ल्या द्यायच्या, थँक यू म्हणायचं आणि निघायचं. माझी नवी खोली दोन स्टॉपवर आहे, टॅक्सी चारला सांगितली होती. पण किल्ल्या द्यायला हुकाकडे हात नेला आणि मला तोंडात शब्दच भरून आले. मी सगळं सांगितलं. रविवारचं बोलणं, बुधवारचं 'उद्या', गुरुवारी न थांबता गेले ते. म्हटलं, दादा, मी त्यांना पळपुटे म्हटलं, आणि ते गेले.

त्याने कप पायरीवर ठेवला. मग तो उठला आणि हुकावरची ती मोठी लोखंडी किल्ली काढली. तुमच्या शेडची म्हणून मी एकदा लावून बघितली होती, लागली नव्हती.

"धिस इज द वन," तो म्हणाला. "कचेरीचा किल्ली. बाबाच्या खिशात राहिली. आईने मला सांगितली, बाबाने नेव्हर."

मग त्याने त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत जे सांगितलं ते असं. तुम्ही चार्ज घ्यायला येणाऱ्या अधिकाऱ्याची वाट बघत बसला होतात. दोन दिवस, खुर्ची न सोडता, कारण 'माझ्याकडे' म्हणणारा आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि चार्ज आधीच घेऊन झाला होता. राजेसाहेबांनी मुंबईत विलीनीकरणावर सही केली, तिथेच संपलं. तुम्हाला कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नसलेल्या सरकारचे तुम्ही दोन दिवस प्रमुख होतात. दुसरा कुठलाही दिवाण पहिल्याच दिवशी निघून गेला असता, बाहेर येऊन चार शब्द बोलला असता, कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही बसलात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दीतून एकदम मोठा आवाज उठला तेव्हा, तुमचा धीर सुटला. मागच्या दाराने गेलात, ओढ्यातून, किल्ली खिशात.

"आई म्हणायची, बाबा टोल्ड हर ऑन्ली वन्स," अजयदादा म्हणाला. "बाबा म्हणाला, आय लेफ्ट माय वॉच. पहारा सोडला. म्हणून मागच्या दारापुढे तो फ्रीज."

मग मी त्याला दुसरी अर्धी गोष्ट सांगितली. हाराची, कारकुनाची, आणि दगडांचीही, कारण आजोबा तेही सांगायचे. तो ऐकता ऐकता हसला, मग त्याने चेहरा स्वेटरच्या बाहीत खुपसला. पन्नाशीचा माणूस. मला वाटलं होतं तो मला विचारेल, हे तू त्याला का नाही सांगितलंस. त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, तो मोठा आवाज कसला होता, तुझ्या आजोबांनी कधी सांगितलं का. मला माहीत नाही, काका. हार घालायला पुढे सरकलेल्यांचा असेल. दगडवाल्यांचा असेल. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, की तुम्ही बाहेर आला असतात तर काय झालं असतं हे मी ठामपणे सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकते की सगळ्यात पुढे, तुमच्या दारापासून चार हातांवर, माझे आजोबा उभे होते, आणि त्यांचे दोन्ही हात फुलांनी भरलेले होते.

घर विकायचं तर मागचं दार उघडं हवं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून फ्रीज सरकवला. त्याच्याखाली धुळीचा चौकोन होता, एक चमचा, आणि शेजारच्या मांजराचं काहीतरी खेळणं. दार फुगलं होतं. अजयदादाने खांदा लावला. ते उघडलं तेव्हा मी दोन पावलं मागे गेले. बाहेर फक्त बाग होती आणि माझे दोन विसरलेले टॉवेल.

चार वाजता टॅक्सी आली. मी उंबरठ्याच्या आत उभी राहिले आणि यादी म्हणाले. गॅस बंद. दूध बंद केलंय. वरची खिडकी बंद. मागचं दार उघडं. आल्याची बिस्किटं कपाटात, फोडलेली नाहीत. अजयदादाला ही पद्धत लहानपणापासून ठाऊक असणार. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "घर माझ्याकडे." मग ती लोखंडी किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, ही तुझ्याकडे असू दे, तुझा आजोबा पुढे होता ना.

कचेरीत आता गुरांचा दवाखाना आहे, आई सांगते. कुलूप केव्हाच बदललं असेल. तरी डिसेंबरात सुट्टीवर जाईन तेव्हा किल्ली घेऊन जाणार आहे. तिथले डॉक्टर मला वेडी समजतील, समजू देत.

नव्या खोलीत पलंग खिडकीला लागून आहे आणि मला इथेही भीती वाटतेय. किल्ली टेबलावर आहे. आत्ता यादी म्हणून झाली, आणि शेवटी एकच राहिलंय, जे त्या दिवशी बेलसांगवीत कुणीतरी तुम्हाला म्हणायला हवं होतं आणि मग बुधवारी मी. आजोबांच्या वतीने मी म्हणते. ते पुढे होते, त्यांना हक्क आहे.

कचेरी माझ्याकडे, काका. आता तुम्ही जा. पुढच्या दाराने.